गुळाच्या रिपोर्टातली ‘रिड्युसिंग शुगर’ आणि ‘इन्व्हर्ट’: बेरीज का जुळत नाही?

प्रश्न पन्हाळा तालुक्यातल्या एका बी.एस्सी.च्या विद्यार्थिनीचा आहे. घरचं गुऱ्हाळ आहे. खरेदीदाराने मागितला म्हणून वडिलांनी गुळाचा रिपोर्ट काढून आणला. त्यात कोरड्या वजनावर, म्हणजे गुळातलं पाणी वगळून, तीन आकडे आले: सुक्रोज ८०.० टक्के, रिड्युसिंग शुगर ९.५ टक्के आणि ‘टोटल शुगर ॲज इन्व्हर्ट’ ९३.७ टक्के. ती विचारते, ८० आणि ९.५ मिळून ८९.५ होतात, मग ९३.७ आले कुठून? कायद्याची अट ९० ची आहे, म्हणजे आमचा गूळ नापास का? ‘रिड्युसिंग’ म्हणजे नेमकं काय कमी होतं? ‘रिड्युसिंग’ आणि ‘इन्व्हर्ट’ एकच का? आणि ऑरगॅनिकच्या तासाला वाल्डेन इन्व्हर्शन शिकवतात, ते हेच का?

सगळ्यात आधी वडिलांना सांगा की गूळ पास आहे आणि लॅबचं गणितही बरोबर आहे. अन्नसुरक्षेच्या मानकांत गुळासाठी एकूण शर्करा कोरड्या वजनावर किमान ९० टक्के आणि सुक्रोज किमान ६० टक्के लागतं. पण ती एकूण शर्करा ‘इन्व्हर्ट म्हणून मांडलेली’ असावी, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. हे शब्द वगळून वाचलं की चांगला गूळही नापास वाटतो. मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी केली आणि नंतर गुळाचे नमुने तपासले. या एका ओळीवरून अडत्या आणि शेतकरी यांच्यात वाद झालेले मी पाहिले आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रिपोर्टात ‘सुक्रोज’ हे एका पदार्थाचं नाव आहे, म्हणजे आपली नेहमीची साखर. ‘रिड्युसिंग’ आणि ‘इन्व्हर्ट’ ही मात्र वागणुकीवरून पडलेली नावं आहेत. कुठल्या तरी परीक्षेत त्या शर्करेने काहीतरी केलं, त्यावरून ती पडली. म्हणून हे शब्द वाचताना ती परीक्षा कोणती, हे डोळ्यांसमोर असलं पाहिजे. ते असलं की तुमचे सगळे प्रश्न एकेक करून सुटतात.

‘रिड्युसिंग’ची परीक्षा तांब्याची आहे. इथे कमी काहीच होत नाही, ना साखर ना गोडी. शाळेत क्षपण शिकलात तेच हे. ज्या शर्करा दुसऱ्या पदार्थाचं क्षपण करतात, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देतात आणि स्वतः ऑक्सिडाइझ होतात, त्या रिड्युसिंग. फेलिंगच्या द्रावणात तांबं दोन धन प्रभाराचं असतं, त्यामुळे द्रावण गडद निळं दिसतं. अशी शर्करा घालून ते उकळलं की तांबं एक धन प्रभारावर येतं आणि क्युप्रस ऑक्साइडचा विटकरी लाल साका बसतो. हेर्मान फॉन फेलिंगने हे द्रावण १८४९ मध्ये मांडलं. आजही गुळाच्या लॅबमध्ये त्याच्यावाचून पान हलत नाही.

मग ग्लुकोज हे करतं आणि सुक्रोज का करत नाही? ग्लुकोजचा रेणू पाण्यात बहुतेक वेळ कड्याच्या रूपात असतो. त्या कड्यात एक कार्बन असा असतो, ज्याला एकीकडे कड्यातला ऑक्सिजन आणि दुसरीकडे मोकळा हायड्रॉक्सिल गट असतो. त्याला ॲनोमेरिक कार्बन म्हणतात आणि त्या रचनेला हेमिअसिटल. हेमिअसिटलचं कडं उघडतं, मिटतं. उघडलं की टोकाला अल्डिहाइड गट दिसतो आणि तोच तांब्याला इलेक्ट्रॉन देतो. कुठल्याही क्षणी उघडे रेणू अगदी थोडे असतात. पण ते खर्ची पडले की समतोल राखायला नवीन कडी उघडत जातात आणि हळूहळू सगळं ग्लुकोज प्रक्रियेत येतं.

सुक्रोजमध्ये ग्लुकोज आणि फ्रुक्टोज एकमेकांना जोडलेले असतात, आणि तो जोड नेमका दोघांच्या ॲनोमेरिक कार्बनांमधून असतो. ग्लुकोजचा पहिला कार्बन आणि फ्रुक्टोजचा दुसरा. दोघांनी आपापला मोकळा हात एकमेकांत गुंतवला, आता तांब्याला द्यायला कुणाचाच हात मोकळा नाही. कडं उघडतच नाही, म्हणून सुक्रोज रिड्युसिंग नाही. याउलट माल्टोज आणि लॅक्टोज यांतही दोन-दोनच शर्करा आहेत, पण त्यांच्या जोडात एकाचाच ॲनोमेरिक कार्बन अडकतो, दुसऱ्याचा मोकळा राहतो. म्हणून दोन्ही रिड्युसिंग. परीक्षेत ‘डायसॅकराइड असूनही सुक्रोज रिड्युसिंग का नाही’ असं विचारलं, तर उत्तर एवढंच आहे आणि ते रचनेची आकृती काढून द्यावं.

फ्रुक्टोजबद्दल मुलं नेहमी अडतात. ते तर कीटोज, म्हणजे कीटोन गट असलेली शर्करा, त्यात अल्डिहाइड गट नाही, मग ते फेलिंगला कसं क्षपवतं? फेलिंगचं द्रावण कडक अल्कधर्मी असतं. अल्कलीत फ्रुक्टोज एनडायॉल नावाच्या मधल्या रूपातून जातं. ते रूप तांब्याला सहज इलेक्ट्रॉन देतं आणि त्याच वाटेने ग्लुकोज व मॅनोजही तयार होतात. साधं कीटोन हे करू शकत नाही. फ्रुक्टोजमध्ये कीटोन गटाच्या शेजारच्या कार्बनवर हायड्रॉक्सिल आहे, म्हणून ही वाट खुली होते.

इथे एक गैरसमज स्पष्टच खोडून काढतो, कारण त्याने माणसांचं नुकसान होतं. ‘रिड्युसिंग शुगर म्हणजे शुगर रिड्युस करणारी, मधुमेहाला चालते’ असं सांगून गूळ आणि काकवी विकणारे भेटतात. रक्तात ‘शुगर’ म्हणून जे मोजतात ते ग्लुकोज, आणि ग्लुकोज हीच पहिली रिड्युसिंग शुगर. जुन्या काळी मधुमेह्याची लघवी बेनेडिक्टच्या द्रावणात उकळून रंग बघत. ती परीक्षा याच गुणावर चालायची. तेव्हा ज्यांना मधुमेह आहे त्यांनी रिपोर्टातला हा शब्द पाहून एक खडाही जास्त खाऊ नये.

आता हा आकडा लॅबमध्ये निघतो कसा, ते बघा. बहुतेक ठिकाणी लेन आणि आयनॉन यांची १९२३ ची पद्धत चालते. गूळ पाण्यात विरघळवून, लेड ॲसिटेटने निवळून, गाळून घेतात आणि जादा शिसं ऑक्झलेटने काढतात. हे निवळ द्रावण ब्युरेटमध्ये. खाली फ्लास्कमध्ये फेलिंगची दोन्ही द्रावणं, एक तांब्याचं आणि एक अल्कलीचं, पाच-पाच मिली. आधी अंदाज घेतलेला असतो, त्यानुसार ब्युरेटमधलं बहुतेक द्रावण थंड असतानाच सोडून देतात आणि फ्लास्क जाळावर चढवतात. बरोबर दोन मिनिटं उकळी. मग मिथिलीन ब्ल्यूचे तीन-चार थेंब, आणि तिसरं मिनिट संपायच्या आत थेंब-थेंब सोडत शेवट गाठायचा. तांबं संपलं की पुढचा थेंब मिथिलीन ब्ल्यूचंच क्षपण करतो, निळी झाक जाते आणि फ्लास्क एकदम विटकरी दिसतो. पूर्ण वेळ उकळी चालू ठेवायची आणि फ्लास्क जाळावरून उचलायचा नाही. उचलला की वाफ थांबते, हवा आत जाते, मिथिलीन ब्ल्यू पुन्हा निळं होतं आणि शेवट चुकतो. नवीन पोरं फ्लास्क उचलून उजेडात धरतात, त्यांना मी पहिल्याच दिवशी हे सांगत असे.

या पद्धतीत आणखी एक अट आहे. किती शर्करेने किती तांबं क्षपवलं, याचं प्रमाण समीकरणातून सरळ निघत नाही. ते उकळीचा वेळ, अल्कलीची तीव्रता, सोबतचं सुक्रोज यांवर हलतं. म्हणून लेन-आयनॉनचे तक्ते वापरतात आणि म्हणूनच वेळ काटेकोर पाळावी लागते. दोन लॅबचे रिड्युसिंग शुगरचे आकडे अर्ध्या टक्क्याने इकडेतिकडे झाले, तर लगेच कुणावर संशय घेऊ नका.

‘इन्व्हर्ट’ची परीक्षा मात्र प्रकाशाची आहे. ध्रुवित प्रकाश, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश, शर्करेच्या द्रावणातून गेला की त्याचं प्रतल वळतं. सुक्रोज ते उजवीकडे वळवतं, त्याचं विशिष्ट वलन +६६.५ अंश. आम्ल घालून सुक्रोज फोडलं की पाण्याचा एक रेणू घेऊन त्याचं एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज होतं. ग्लुकोजही उजवीकडेच वळवतं, +५२.७. पण फ्रुक्टोज डावीकडे, आणि जोरात, सुमारे −९२. दोघं वजनाने निम्मे-निम्मे असतात, म्हणून मिश्रणाचं वलन या दोघांच्या मध्यावर, जवळपास −२० अंशांवर येतं. म्हणजे उजवीकडे वळवणारं द्रावण फुटल्यावर डावीकडे वळवू लागतं. १८३० च्या दशकात फ्रान्समध्ये ज्याँ-बातीस्त बिओ यांनी हा पलट पाहिला आणि त्यावरून या क्रियेला इन्व्हर्शन म्हणू लागले. त्यातून तयार झालेलं ग्लुकोज-फ्रुक्टोजचं मिश्रण ती इन्व्हर्ट शुगर. उलटलं काय, तर वलनाचं चिन्ह.

तुमच्या बेरजेचं उत्तर याच फोडणीच्या समीकरणात आहे. सुक्रोजचा रेणुभार ३४२. त्यात १८ रेणुभाराचं पाणी शिरतं. बाहेर पडतात १८० चं ग्लुकोज आणि १८० चं फ्रुक्टोज, मिळून ३६०. म्हणजे ९५ ग्रॅम सुक्रोज फोडलं की १०० ग्रॅम इन्व्हर्ट मिळते. वाढलेले पाच ग्रॅम पाण्याचे, जे आता शर्करेच्या रेणूचा भाग झालं आहे. तुमच्या गुळात ८० टक्के सुक्रोज. ते सगळं फोडलं असतं तर ८० भागिले ०.९५, म्हणजे ८४.२ इन्व्हर्ट झाली असती. त्यात मुळातच फुटलेली ९.५ मिळवा. ९३.७. जुळलं.

खरी गंमत पुढे आहे, आणि ती रिपोर्टावरून कुणाच्या लक्षात येत नाही. या तीन आकड्यांपैकी प्रत्यक्ष मोजलेले दोनच असतात. फेलिंगला सुक्रोज दिसतच नाही. म्हणून लॅबवाले एक भाग आहे तसा टायट्रेट करतात, म्हणजे वर सांगितलं तसं ब्युरेटने मोजतात, त्यातून ९.५ निघतं. दुसऱ्या भागात हायड्रोक्लोरिक आम्ल घालून, सत्तर अंशांच्या आत-बाहेर तापवून सगळं सुक्रोज फोडतात, आम्ल अल्कलीने मारतात आणि पुन्हा टायट्रेट करतात. त्यातून ९३.७ निघतं. दोघांतला फरक ८४.२, त्याला ०.९५ ने गुणलं की ८०.०. म्हणजे तुम्ही ज्या आकड्याला पक्का धरून बेरीज करत होता, तो सुक्रोजचा आकडाच गणिताने काढलेला आहे, आणि ज्यावर शंका घेतली तो मोजलेला! कायद्यानेही एकूण शर्करा ‘इन्व्हर्ट म्हणून’ मागितली, त्यामागे हेच असावं. या पद्धतीत तेच मोजमाप थेट हातात येतं.

‘रिड्युसिंग’ आणि ‘इन्व्हर्ट’ एकच का, या प्रश्नाचं उत्तर आता सोपं आहे. इन्व्हर्ट शुगर सगळी रिड्युसिंग असते. रिड्युसिंग शुगर सगळी इन्व्हर्ट असेलच असं नाही. दुधातलं लॅक्टोज रिड्युसिंग आहे, पण त्याचा इन्व्हर्शनशी संबंध नाही. स्टार्चपासून केलेलं ग्लुकोज सिरप रिड्युसिंग आहे, त्यात फ्रुक्टोज नाही. कोवळ्या उसात मुळातच थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतं, ते सगळं काही सुक्रोज फुटून आलेलं नसतं आणि त्यांचं प्रमाण निम्मं-निम्मं असेलच असंही नाही. गुळाच्या व्यवहारात दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरतात, कारण तिथे रिड्युसिंग शुगरचा मोठा वाटा इन्व्हर्टचाच असतो. बोलताना चालतं. पण मध किंवा मिठाईचा रिपोर्ट वाचताना हा फरक धरूनच वाचा.

कारखान्यात तिसरा एक शब्द कानावर पडतो, ‘पोल’. पोलारिमीटर म्हणजे प्रकाशाचं वलन मोजणारं उपकरण, त्यावर दिसलेलं वलन सुक्रोजचंच आहे असं धरून काढलेला हा आकडा. रसात इन्व्हर्ट असली की ती डावीकडे ओढते आणि पोल खऱ्या सुक्रोजपेक्षा कमी दिसतो. शिळ्या उसात जिवाणूंमुळे डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ वाढतो. तो सुक्रोजपेक्षा कितीतरी जोरात उजवीकडे वळवतो, तेव्हा पोल खोटा चढतो. ही अडचण टाळायला क्लेर्जे यांनी १८४९ मध्येच दोनदा पोलारिमीटर लावायची रीत दिली: एकदा इन्व्हर्शनच्या आधी, एकदा नंतर. पलट होताना वलनात जो फरक पडतो तो सुक्रोजमुळेच, बाकीचे पदार्थ दोन्ही वेळा जवळपास तेवढंच वळवतात. फ्रुक्टोजचं वलन तापमानाने बरंच हलतं, म्हणून तिथे थर्मामीटर जवळ हवाच.

आता वाल्डेन. पाउल वाल्डेन यांनी १८९६ मध्ये मॅलिक आम्ल आणि क्लोरोसक्सिनिक आम्ल यांवर काम करताना दाखवलं की अभिक्रियेत एखाद्या कार्बनभोवतीची मांडणीच उलटू शकते. एस-एन-टू या प्रकारच्या अभिक्रियेत न्यूक्लिओफाइल, म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन जोडला जाणारा नवा गट, मागून येतो, समोरचा गट निघून जातो आणि उरलेले तीन बंध पलीकडे झुकतात. तिथे उलटते ती त्या कार्बनची त्रिमितीय मांडणी. साखरेच्या इन्व्हर्शनमध्ये उलटतं ते संपूर्ण द्रावणाच्या वलनाचं चिन्ह, आणि तेही एक पदार्थ जाऊन दोन नवे आल्यामुळे. नाव एक, गोष्टी दोन. याचा सगळ्यात चांगला पुरावा इन्व्हर्टेज हे एन्झाइम. तेही सुक्रोजचं इन्व्हर्शन घडवतं, वलन उजवीकडून डावीकडे जातं. पण ते फ्रुक्टोजच्या ज्या कार्बनवर काम करतं, तिथली मांडणी शेवटी होती तशीच राहते. म्हणजे इन्व्हर्शन घडतं आणि कॉन्फिगरेशन मात्र टिकून राहतं. तोंडी परीक्षेत हे उदाहरण दिलंत, तर परीक्षक पुढचा प्रश्न आदराने विचारतील.

याच गोंधळाचा भाऊबंद म्हणजे शर्करांच्या नावाआधी लागणारे डी आणि एल. फ्रुक्टोज डावीकडे वळवतं म्हणून ते ‘एल’ आहे, असं मुलं लिहितात. निसर्गातलं फ्रुक्टोज डी-फ्रुक्टोज आहे. डी-एल हे रेणूच्या रचनेवरून ठरतं. वलनाचं चिन्ह फक्त पोलारिमीटर लावून कळतं.

वडिलांच्या कामाचा भाग इथून सुरू होतो. सुक्रोज फुटायला तीन गोष्टी लागतात: आम्लता, उष्णता आणि वेळ. तिन्ही गुऱ्हाळात हजर असतात. ताज्या उसाच्या रसाचा पीएच साधारण सव्वापाच ते साडेपाच, म्हणजे आम्लधर्मीच. विल्हेल्मी यांनी १८५० मध्ये पोलारिमीटर लावून या फुटण्याचा वेग मोजला. रासायनिक अभिक्रियेचा वेग गणिताने मांडण्याची ती सुरुवात मानतात. पुढे अर्‍हेनियस यांनी १८८९ मध्ये तापमान आणि वेग यांचं नातं मांडलं, त्यातही याच अभिक्रियेचे आकडे होते. गुऱ्हाळासाठी त्यातलं एवढं लक्षात ठेवा: पीएच एकाने उतरला तर इन्व्हर्शनचा वेग दहापट होतो, आणि उकळीच्या आसपास दर दहा अंशांना वेग अडीच पटीच्या घरात वाढतो.

यावरून काहिलीत, म्हणजे रस शिजवायच्या मोठ्या कढईत, काय चालतं ते बघा. गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा कारागीर, रसात चुना टाकतो, तो मळी वर आणायला तर असतोच, पण आम्लता मोडायलाही असतो. चुना कमी पडला, जाळ मंद लागला, चिपाडं ओली निघाली आणि रस तासभर जास्त शिजत राहिला, की रिड्युसिंग शुगर वाढते. पाक वरवर तयार दिसतो, थंड पाण्यात टाकून पाहिलं तर गोळी नीट वळत नाही, वाफ्यात ओतल्यावर दाणा धरत नाही. गुळव्या म्हणतो, ‘पाक मऊ आहे’ आणि आणखी जाळ घालतो. पाक एकशे चौदा अंश सेल्सिअसच्या पुढे, एकशे अठराच्या दिशेने गेलेला असताना प्रत्येक मिनिट महाग असतं.

म्हणून चुना भरपूर टाका, असं मात्र मी कधीच सांगणार नाही. अल्कलीत तापवल्यावर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज स्वतःच मोडतात, त्यांची आम्लं आणि तपकिरी द्रव्यं होतात. रिपोर्टात रिड्युसिंग शुगर कमी दिसेल, पण गूळ काळपट निघेल. मग तो रंग मारायला हायड्रॉस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, येतं. हायड्रॉसही क्षपणकच आहे, बरं का. ते रंगद्रव्याचं क्षपण करून गूळ काही दिवस पिवळाधमक दाखवतं आणि हवेत राहिल्यावर रंग पुन्हा चढतो. एका चुकीवर पांघरूण घालायला केलेली ही दुसरी चूक आहे. निवळायला भेंडीचा चिकट रस, चुना बेताचा आणि पीएच पेपरवर नजर, एवढ्यावर चांगला रवा, म्हणजे गुळाची ढेप, निघतो.

पण मोठं इन्व्हर्शन काहिलीत नाही, फडात होतं. ऊस तोडला की त्याच्या अंगचंच इन्व्हर्टेज कामाला लागतं आणि तोडलेल्या टोकांतून जिवाणू शिरतात. तोडलेला ऊस उन्हात दोन दिवस पडला, तर गुळव्या कितीही कसबी असो, फुटलेलं सुक्रोज तो परत जोडू शकत नाही. उसाची जात को ८६०३२ असो की ९२००५, आज तोड आणि आजच गाळप हाच नियम. लोळलेला, कोवळा किंवा कीड लागलेला ऊस वेगळा काढा. आपल्या कोल्हापूरचं प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र शेतकऱ्यांना हेच सांगत आलं आहे, त्यांचा सल्ला जरूर घ्या.

पावसाळ्यात गूळ पाणी सोडतो, त्याचा धागाही इथेच आहे. फ्रुक्टोज हवेतला ओलावा जोरात ओढतं. रिड्युसिंग शुगर जेवढी जास्त, तेवढा रवा लवकर पाघळतो. पाघळलेल्या भागात आम्लता आणि जिवाणू यांना वाव मिळतो, आणखी सुक्रोज फुटतं. तुमचे साडेनऊ टक्के वाईट नाहीत. दहाच्या आतला गूळ नीट गुंडाळून, कोरड्या खोलीत ठेवला तर टिकतो. अगदी शून्य मात्र कुणी मागू नये. काकवीत तर हीच इन्व्हर्ट हवी असते, ती सुक्रोजचे खडे धरू देत नाही. घरी साखरेच्या पाकात लिंबू पिळतात, तेही याचसाठी.

आणि रिड्युसिंग शुगर फार कमी, सुक्रोज फार जास्त, एवढ्यावरून गूळ उत्तम ठरवू नका. काहिलीत पांढरी साखर ओतली की आकडे असेच ‘सुधारतात’. अशा गुळात राखेचं प्रमाण, म्हणजे खनिजं, घसरलेली दिसतात. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, ते उसाच्या रसातून आलेल्या गुळाला आहे. साखरमिश्रित गूळ त्या नावाने विकला जातो तेव्हा प्रामाणिक गुऱ्हाळवाल्याचा भाव पडतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून खरेदीदाराला रिपोर्ट द्याल तेव्हा राखेचा आकडाही मागून घ्या.

पुढच्या हंगामात एक काम करा, बी.एस्सी.च्या प्रोजेक्टलाही चालेल. फक्त गुळाचा नमुना देऊ नका. त्याच घाण्याचा ताजा रस, चुना टाकून मळी काढल्यानंतरचा निवळ रस आणि तयार गूळ असे तीन नमुने द्या. टक्केवारीची तुलना करून उपयोग नाही, कारण रसात पाणी खूप आणि गुळात थोडं. त्याऐवजी दर १०० भाग सुक्रोजमागे रिड्युसिंग शुगर किती, हे गुणोत्तर काढा. नुसतं पाणी उडाल्याने ते बदलत नाही. तुमच्या गुळाचं येतं सुमारे १२. पिकलेल्या उसाच्या ताज्या रसात ते पाचाच्या आसपास किंवा खाली असायला हवं. रसातच ते दहा-अकरा निघालं, तर गुळव्याला बोल लावू नका, तोड आणि वाहतूक बघा. रसात चार आणि गुळात बारा निघालं, तर चुना, जाळ आणि शिजायला लागलेला वेळ तपासा. निवळ रसापर्यंत चार राहून पुढे चढलं, तर उत्तर चुलवाणात आहे.

रसाचे नमुने मात्र बर्फात ठेवून त्याच सकाळी लॅबमध्ये पोचवा. बाटली दुपारपर्यंत मोटारसायकलच्या डिकीत राहिली, तर लॅब तुमच्या गुऱ्हाळातलं नव्हे, त्या बाटलीतलं इन्व्हर्शन मोजेल.